इकडील सर्व क्षेम

फेब्रुवारी १८९२. शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावरच्या एका घरातून बत्तीस वर्षांची बाई आईला पत्र लिहिते आहे. आम्ही सगळे बरे आहोत, पिल्लं मजेत आहेत. मला महिन्याला पन्नास डॉलर आणि राहण्या-जेवण्याची सोय मिळते. थोड्याच आठवड्यांत इथल्या माणसांनी मला आणि मुलांना असा जीव लावला की मी थक्क झाले. आणि हो, मी पुन्हा माहेरचं नाव लावायचं ठरलंय. मुलांनाही तेच लागेल.

हे शेवटचं वाक्य नसतं, तर पोरीचं नव्या गावात छान बस्तान बसलं असं समजून कोणीही पत्र घडी करून ठेवलं असतं. प्रत्यक्षात ही बाई सहा, पाच आणि चार वर्षांच्या तीन मुलांना घेऊन, मारहाण करणाऱ्या नवऱ्याच्या घरातून न्यूयॉर्कहून निघून आली होती. शिकागोच का? न्यूयॉर्कात घटस्फोटाला व्यभिचार हे एकच कारण चालायचं, इलिनॉयचा कायदा त्या मानाने सैल होता. नवरा मागोमाग शिकागोत येऊन मुलांचा ताबा मागणार होता, प्रकरण न्यायाधीशापुढे जाणार होतं. पत्रात मात्र ‘पिल्लं मजेत’.

बाईचं नाव फ्लॉरेन्स केली. पुढे अमेरिकेतल्या बालमजुरीच्या कायद्यांमागे सगळ्यात जास्त काळ हात धुऊन लागलेली ही बाई. हॉल्स्टेड रस्त्यावरचं घर म्हणजे हल हाऊस. स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत जाऊन, तिथेच राहून काम करायचं म्हणून जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी ते १८८९ मध्ये सुरू केलं होतं. ज्युलिया लेथ्रॉप त्याच घरातली. ग्रेस अ‍ॅबट आणि तिची बहीण ईडिथ पुढे तिथेच आल्या. अमेरिकेत बालकल्याण हा सरकारचा विषय झाला तो बराचसा या एका घरात राहिलेल्या बायकांमुळे. यांच्या घरच्या पत्रांची पेटी-पेटी कागदपत्रं आज ग्रंथालयांत आहेत. ती कशी वाचायची आणि त्यातून धोरणाबद्दल काय कळतं, हे थोडं उलगडून सांगते. घरची पत्रं वाचायची म्हणजे माणसं पहिल्या नावाने आणि एकेरीतच भेटतात, तेव्हा मीही तसंच लिहिते. तसंही मराठीत ‘केली’ हे आडनाव वाक्यात फार घोळ घालतं.

सरकारी अहवाल आणि घरचं पत्र यांत पहिला फरक असा की अहवाल कोणासाठी लिहिलाय ते त्याच्यावर छापलेलं असतं. पत्राचं तसं नाही, ते एका माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं असतं. फ्लॉरेन्सचं ते पत्र आईला होतं, आणि ही आई कशी होती हे माहीत नसेल तर पत्र अर्धंच कळतं. कॅरोलाइन केलीच्या पाच मुली लहानपणीच दगावल्या. मुलींमध्ये जगली ती एकटी फ्लॉरेन्स. आईच्या चेहऱ्यावरचं ते दुःख कधी उतरलंच नाही, आणि त्या सावलीतच आपण वाढलो, असं फ्लॉरेन्सने पुढे लिहून ठेवलंय. पाच लेकी गमावलेल्या आईला तीन नातवंडांबद्दल पहिली ओळ कोणती लिहायची? बरे आहेत, मजेत आहेत. ‘इकडील सर्व क्षेम’ लिहिल्याशिवाय आपल्याकडेही पत्र पुढे सरकत नसे, घरात काहीही चाललेलं असो. त्या ओळीला खोटं म्हणायचं नाही आणि माहिती म्हणून टिपूनही घ्यायचं नाही. लिहिणारीला वाचणारीच्या कोणत्या दुखऱ्या जागेची आठवण होती, तेवढं ती ओळ सांगते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हे खासदाराचं घर होतं. वडील विल्यम केली फिलाडेल्फियाचे, वर्षानुवर्षं अमेरिकन काँग्रेसमध्ये. घरात पैसा, पुस्तकं, डॉक्टर, सगळं होतं. तरीही पाच मुली गेल्या. बाळं गरिबांच्या घरी जास्त मरतात हे पुढे याच बायकांनी आकड्यांनी सिद्ध केलं. पण बालमृत्यू म्हणजे दुसऱ्याच्या घरातली गोष्ट, असं म्हणायची सोय फ्लॉरेन्सला नव्हती.

घरातून आणखीही बरंच आलं. वडिलांनी तिला वाचायला शिकवलं ते एका भयंकर पुस्तकावरून. इंग्लंडच्या वीटभट्ट्यांवर तिच्याच वयाची मुलं डोक्यावर ओल्या मातीचे बोजे घेऊन चाललेली, अशी त्यात चित्रं. सात वर्षांच्या पोरीला हे काय दाखवता म्हणून घरच्या बायका नाराज झाल्या. बाराव्या वर्षी वडिलांनी तिला रात्री कारखाना दाखवायला नेलं. मोठी माणसं नव्या भट्टीकडे कौतुकाने बघत होती. तिला दिसली ती अंधारात बादल्या उचलून पळणारी पोरं. आणि आईकडच्या नात्यातली एक आजी होती, सेरा प्यू. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची, गुलामगिरीच्या विरोधात आयुष्य घालवलेली. ही आजी ना साखर खायची ना सुती कपडा वापरायची. छोट्या फ्लॉरेन्सने कारण विचारलं तेव्हा तिने सांगितलं, की कापूस आणि ऊस गुलामांच्या हातून येतो, म्हणून आमच्यातल्या काहींनी ठरवलं की त्यात आपला वाटा नको.

ही गोष्ट घरगुती आठवण म्हणून गोड आहेच, पण तिचा पुढचा धागा बघा. १८९९ मध्ये फ्लॉरेन्स नॅशनल कन्झ्यूमर्स लीगची सरचिटणीस झाली. लीगचं मुख्य हत्यार होतं एक पांढरी चिठ्ठी. लहान मुलांना राबवून न घेता, कायदे पाळून शिवलेल्या कपड्यांवरच ती लागायची आणि गिऱ्हाइकांना सांगितलं जायचं, चिठ्ठी बघून घ्या. या आजीने स्वयंपाकघरात केलेलं काम नातीने देशभरच्या दुकानांत नेलं. अहवाल चाळून हे नातं सापडलं नसतं.

पण पत्रांतून कळणारी सगळ्यात अवघड गोष्ट वेगळीच आहे. दुसऱ्यांच्या मुलांसाठी राबणाऱ्या बाईची स्वतःची मुलं कुठे होती?

फ्लॉरेन्सची तिन्ही मुलं शिकागोजवळच्या विनेट्का गावात, हेन्री लॉइड या लेखकाच्या कुटुंबात राहिली. तिथे मोकळी हवा होती, खेळायला सवंगडी होते. हल हाऊसच्या आसपास मुलांना ठेवणं धोक्याचं होतं, आणि बापाने उचलून नेण्याची भीती होतीच. आई शिकागोत काम करायची आणि सवड मिळेल तशी मुलांना भेटायची. १८९३ मध्ये इलिनॉयमध्ये कायदा झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, बायका-मुलांना आठ तासांचा दिवस. तो बराचसा फ्लॉरेन्सच्या पाहणीवर उभा होता, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यपाल आल्टगेल्डने तिलाच पहिली मुख्य कारखाना निरीक्षक नेमलं. तिला धरून एकूण बारा माणसं. दिवसभर शिवणाच्या कोंदट खोल्यांत पोरं मोजत हिंडणाऱ्या या बाईला स्वतःच्या पोरांची उंची किती वाढली ते पत्रातून कळायचं.

ढोंग म्हणायचं का याला? मला तसं वाटत नाही. उलट, मुलांना सांभाळायला कोणी नसेल तर बाईने कामावर जायचं कसं, हा प्रश्न तिला वस्तीत जाऊन शिकावा लागला नाही. फरक इतकाच की तिच्याकडे लॉइड कुटुंब होतं, आणि वस्तीतल्या बाईकडे तिचीच आठ वर्षांची थोरली होती. १९०५ मध्ये फ्लॉरेन्सची लेक मार्गरेट कॉलेजात पाऊल टाकते न टाकते तोच हृदयविकाराने गेली. कॅरोलाइनचं जे झालं होतं तेच फ्लॉरेन्सच्या वाट्याला आलं. थोरला मुलगा निकोलस वकील झाला, आणि त्याच्या संग्रहात आईचा पत्रव्यवहार राहिला. आज तो न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. कोणाची पत्रं टिकली हे पाहताना कोणी जपली हेही पाहायचं असतं ते म्हणूनच. वकील मुलगा कागद फाडत नाही.

जेन अ‍ॅडम्सचीही अशीच एक गोष्ट आहे. १८९४ च्या उन्हाळ्यात तिची थोरली बहीण मेरी वारली, आणि धाकट्या भाच्यांची जबाबदारी मावशीवर आली. एक भाचा नाजूक प्रकृतीचा. डॉक्टर म्हणाले, या वस्तीच्या दुर्गंधीत मूल ठेवू नका, म्हणून त्याला बोर्डिंगात पाठवावं लागलं. तेव्हा वॉर्डातले कचऱ्याचे लाकडी खोके आठवडेच्या आठवडे उचलले जात नसत आणि मुलं त्यांच्यावर खेळत. जेनने महापालिकेशी भांडून १८९५ मध्ये वॉर्डाच्या कचरा निरीक्षकाची नेमणूक मिळवली आणि सकाळी सहाला उठून गाड्यांच्या मागे फिरू लागली. पुढे आत्मचरित्रात तिने स्वतःला सोडलं नाही. शेजारची नाजूक मुलं तर आधीच आईबापांपासून हिरावली जात होती, तीही बोर्डिंगात नव्हे, थेट परलोकात. त्यांच्यासाठी आपण आधी का हललो नाही, याची लाज वाटायला हवी, असं ती लिहिते. भाच्यामुळे प्रश्न दिसला, हे लपवायचं तिला कारण वाटलं नाही.

आता थोडं आकड्यांकडे वळू, कारण नुसत्या भावनेवर भागलं असतं तर बालकल्याणाचा प्रश्न केव्हाच सुटला असता.

१९०३ च्या सुमाराची एक गोष्ट लिलियन वाल्ड सांगायची. ती न्यूयॉर्कच्या हेन्री स्ट्रीटवर परिचारिकांचं केंद्र चालवायची आणि फ्लॉरेन्स तेव्हा तिथेच राहायला होती. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर टपाल उघडलं. एका पत्रात विचारलं होतं, उन्हाळ्यात इतकी मुलं मरतात, कोणी काही का करत नाही? त्याच दिवशी वर्तमानपत्रात बातमी, की बोंडकिडीने कापसाचं किती नुकसान केलं ते पाहायला सरकारचा माणूस दक्षिणेला निघालाय. वाल्ड म्हणाली, कापसाच्या पिकासाठी खातं असतं, तर देशाच्या पोरांच्या पिकासाठी का नको? कल्पना थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टपर्यंत गेली. तरी खातं यायला नऊ वर्षं लागली. ९ एप्रिल १९१२ ला राष्ट्राध्यक्ष टाफ्टने कायद्यावर सही केली आणि चिल्ड्रन्स ब्युरो सुरू झालं. वर्षाला २५,६४० डॉलर, पंधरा माणसं, आणि प्रमुख ज्युलिया लेथ्रॉप. अमेरिकेत केंद्र सरकारच्या एखाद्या ब्युरोची प्रमुख झालेली ही पहिली बाई.

एवढ्या पैशात काय करायचं? ज्युलियाने एकच प्रश्न निवडला: बाळं मरतात किती आणि का? आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की उत्तर देता येत नाही. गणित साधं आहे. समजा एका गावात वर्षभरात ५० तान्ही बाळं दगावली. गावात ५०० जन्म झाले असतील तर दर हजारी १००, आणि २५० झाले असतील तर हजारी २००. वरचा आकडा माहीत, खालचा नाही. मेलेल्या माणसाला पुरायला परवाना लागतो, म्हणून मृत्यू नोंदले जात. जन्माला यायला परवाना लागत नाही. देशाच्या मोठ्या भागात जन्मनोंदणी धड नव्हतीच. मग गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना कामाला लावलं. दारोदार जायचं, घरात तान्हं मूल असेल तर त्याचं नाव सरकारी नोंदीत आहे का ते तपासायचं. १९१५ मध्ये, जिथली जन्मनोंदणी भरवशाची मानता येईल अशी दहा राज्यं आणि राजधानी मिळून जन्मनोंदणीची हद्द ठरली. सगळी राज्यं तिच्यात यायला १९३३ उजाडलं.

जन्माचा दाखला आणि बालमजुरी यांची गाठ इथेच पडते. कारखान्यातलं पोर चौदाचं आहे की अकराचं हे फ्लॉरेन्स ठरवणार कशावरून? आईबाप शपथेवर सांगत, चौदाचंच आहे. खोटं असल्याचं उघड दिसायचं, पण कागद नव्हता. एक अकरा वर्षांचा मुलगा फोटोच्या स्वस्त चौकटींना सोनेरी मुलामा द्यायच्या कामावर बेकायदा ठेवलेला होता. त्या विषारी द्रावाने त्याचा उजवा हात लुळा पडला. फ्लॉरेन्स खटला भरायला सरकारी वकिलाकडे गेली, तर त्याने हात झटकले. मग तिने स्वतः कायद्याचा अभ्यास करून १८९५ मध्ये पदवी घेतली. तीन मुलांची आई, दिवसा निरीक्षक, रात्री विद्यार्थिनी. पत्रं लिहायला वेळ कधी मिळायचा देव जाणे.

ब्युरोची पहिली मोठी पाहणी पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन या पोलादाच्या गावी झाली. १९११ मध्ये जन्मलेलं प्रत्येक नोंदलेलं बाळ घ्यायचं आणि त्याच्या घरी बाईच पाठवायची. ती आईशी बोलेल, पाणी कुठून येतं, संडास कुठे आहे, बाळाला काय पाजलं, नवरा कमावतो किती, हे सगळं लिहून घेईल. आधीच्या अभ्यासांत आईचा अडाणीपणा, आईचा निष्काळजीपणा, हीच कारणं वर यायची. इथे चित्र पालटलं. गावाचा एकूण दर हजारी १३४. पण बाप आठवड्याला दहा डॉलरपेक्षा कमी कमवत असेल तर हजारी २५६ बाळं पहिल्या वर्षात जात, आणि पंचवीस किंवा जास्त कमवत असेल तर ८४. आईला नावं ठेवण्याआधी बापाच्या पगाराचं पाकीट बघा, हे सरकारी कागदावर आलं.

दुसऱ्या बाजूने ब्युरोने पुस्तिका काढल्या. १९१३ मध्ये गरोदरपणाची, १९१४ मध्ये बाळाच्या संगोपनाची. लिहिणारी मेरी मिल्स वेस्ट, पाच मुलांची आई. प्रती लाखांनी गेल्या. आणि मग सुरू झाला पत्रांचा पूर. शेतावरच्या, खाणीवरच्या, पार आडरानातल्या बायका सरकारला पत्रं लिहू लागल्या, आणि ती अर्जासारखी नव्हती, थोरल्या बहिणीला लिहावी तशी होती. वायोमिंगमधून १९१६ मध्ये एका बाईने लिहिलं, की डॉक्टर इथून पासष्ट मैलांवर आहे, आधीची दोन्ही बाळंतपणं फार जड गेली, तिसरं येतंय, काय करू? ज्युलियाने स्वतः उत्तर दिलं आणि पुस्तिका पाठवून विषय संपवला नाही. त्या बाईला मदत पोचेल असं बघितलं. शिक्का सरकारी, पण पत्र घरच्यासारखं. एरवी घरच्या पत्रांतून धोरण शोधावं लागतं, इथे धोरणाच्या कचेरीतच घरची पत्रं येऊन पडत होती.

यातलं सगळंच कौतुकाचं नव्हतं. सुरुवातीच्या पुस्तिकांतला सल्ला आज वाचला तर अंगावर येतो. दूध घड्याळ लावून पाजा, बाळाशी फार खेळू नका, रडलं की लगेच उचलू नका. इटलीहून, पोलंडहून आलेल्या आयांच्या हातात पिढ्यांचं जे शहाणपण होतं त्याला यात फारशी जागा नव्हती. पुढे दक्षिणेत कृष्णवर्णीय सुईणींना शिकवायचे वर्ग निघाले. ते उपयोगी होते, पण नियम आणि परवाने वाढत गेले तसा त्या सुईणींच्या हातचा धंदाच कमी होत गेला. मुलांचं भलं कशात हे आम्हाला कळतं, हा सूर या बायकांच्या लिखाणात अधूनमधून लागतो. घरच्या पत्रांत तो जास्त मोकळा लागतो, कारण तिथे कोणी टोकणार नसतं. त्यामुळे पत्रं वाचली की माणूस नुसतं मोठं दिसत नाही, कधी लहानही दिसतं, आणि दोन्ही टिपून ठेवावं लागतं.

याउलट टोमणा बाहेरून यायचा. १९२१ मध्ये आई आणि बाळाच्या आरोग्यासाठी राज्यांना पैसे देणारा शेपर्ड-टाउनर कायदा काँग्रेसमध्ये आला, तेव्हा मिसूरीच्या सिनेटर रीडने ब्युरोतल्या अविवाहित बायकांची यथेच्छ टर उडवली. स्वतःला मूल नाही, आणि देशभरच्या आयांना शिकवायला निघाल्यात! कायदा तरीही झाला. २३ नोव्हेंबर १९२१ ला त्यावर सही झाली. १९१५ मध्ये नोंदणीच्या हद्दीतला बालमृत्यू दर हजारी १०० च्या आसपास होता, १९२९ मध्ये ६८ च्या आसपास आला. सगळं श्रेय या कायद्याचं नाही. दूध स्वच्छ झालं, पाणी सुधारलं, शिवाय हद्दही वाढत होती. त्याच १९२९ मध्ये कायद्याचा पैसा बंद पडला, डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध हे त्यामागचं एक मोठं कारण.

त्या टोमण्याला उत्तर घरच्या कागदांत आहे. ‘अविवाहित’ म्हणजे ‘घर नसलेली’ हे समीकरणच चुकीचं. जेनचे भाचे आपण पाहिलेच. मार्था एलियट या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरचं उदाहरण घ्या. न्यू हेवनमध्ये वस्तीच्या पातळीवर मुडदूस रोखता येतो हे तिने कॉडलिव्हर ऑइल आणि ऊन यांच्या जोरावर दाखवून दिलं, आणि १९५१ मध्ये ती ब्युरोची प्रमुख झाली. तिचं घर म्हणजे ती आणि एथेल डनहॅम. एथेलही डॉक्टर, अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर काम करणारी. कॉलेजात १९१० मध्ये भेटल्या त्या १९६९ मध्ये एथेल जाईपर्यंत एकत्र. कुटुंबाच्या पत्रांत कोणाकोणाला धरायचं हे नात्याच्या तक्त्यावरून ठरवलं, तर या घराचा अर्धा पत्रव्यवहार बाहेर पडेल.

राहिल्या अ‍ॅबट बहिणी. नेब्रास्काच्या ग्रँड आयलंड गावच्या. वडील वकील, राज्याचे पहिले उपराज्यपाल. आई क्वेकर, शाळेची मुख्याध्यापिका राहिलेली, बायकांच्या मताधिकारासाठी भांडणारी. १८८२ मध्ये मताधिकाराच्या चळवळीची पुढारी सूझन अँथनी प्रचाराला गावात आली ती यांच्याच घरी उतरली, आणि सहा वर्षांच्या ईडिथच्या बिछान्यात तिच्याबरोबर झोपली. पुढे दुष्काळ आणि बँका बुडाल्याच्या तडाख्यात घरचा पैसा गेला आणि ईडिथला कॉलेज लांबणीवर टाकून शाळेत शिकवावं लागलं. १९०८ पासून दोघी बहिणी हल हाऊसमध्ये. मग १९१७ मध्ये ग्रेस वॉशिंग्टनला ब्युरोत गेली. बालमजुरीवरचा पहिला केंद्रीय कायदा राबवायचं काम तिच्याकडे होतं. १ सप्टेंबर १९१७ ला तो लागू झाला, आणि ३ जून १९१८ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. खटला भरणारा होता नॉर्थ कॅरोलिनाच्या सूतगिरणीत राबणाऱ्या दोन मुलांचा बाप. पुन्हा कापूसच. १९२१ मध्ये ज्युलियाच्या जागी ग्रेस ब्युरोची प्रमुख झाली. बहीण ईडिथ तोपर्यंत शिकागोत प्राध्यापक, १९२४ पासून तिथल्या समाजकार्य विभागाची डीन. एक वॉशिंग्टनला, एक शिकागोला, आईवडील ग्रँड आयलंडला. अशा त्रिकोणात टपाल सतत फिरत राहतं.

वॉशिंग्टनमधलं आपलं काम कसं असतं हे ग्रेसने एका भाषणात सांगितलं होतं. संध्याकाळी घरी जाताना वाटतं, आपण प्रचंड रहदारीत अडकलोय. शेतीखात्याच्या गवताच्या गाड्या, लष्कराचे रणगाडे, मोठमोठी खाती धडाधड जातायत. आणि आपण कडेला बाबागाडी घेऊन उभ्या. जबाबदारी आपली आहे, तेव्हा गाडीची मूठ घट्ट धरायची आणि रहदारीत घालायची. भाषण म्हणून हे झकासच आहे. पण भाषणात माणूस गाडी ढकलताना दिसतो. हात दुखतात हे कळायला घरचं पत्र लागतं.

आणि इथेच या पत्रांची मोठी मर्यादाही आहे. पत्र दोन माणसं लांब असतील तेव्हाच लिहिलं जातं. १९०८ ते १९१७ या काळात हल हाऊसच्या जेवणाच्या टेबलावर ग्रेस, ईडिथ, जेन आणि १९१२ पर्यंत ज्युलियाही रोज बसत. किती योजना तिथे शिजल्या असतील! पण एका छताखाली राहणाऱ्या बायका एकमेकींना चार-चार पानं लिहीत नाहीत. पत्रांच्या पेटीत एखादं वर्ष रिकामं दिसलं की नवखा वाचक म्हणतो, या वर्षी काही घडलं नसावं. मुरलेला वाचक आधी बघतो, की त्या वर्षी दोघी एकाच घरात तर नव्हत्या?

१९३४ मध्ये ग्रेस ब्युरो सोडून शिकागोला परतली, विद्यापीठात शिकवू लागली आणि ईडिथबरोबर राहू लागली. पुढच्याच वर्षी सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला. आई-बाळाच्या आरोग्याचा १९२९ मध्ये आटलेला पैसा त्यातून पुन्हा सुरू झाला, आणि तो मसुद्यात घालणाऱ्यांमध्ये ग्रेस आणि मार्था दोघी होत्या. आयुष्यभराचं काम सफळ होत होतं ते हे वर्ष. १९ जून १९३९ ला ग्रेस वारली. ईडिथने तिचे लेख छापून काढले, बहिणीच्या आठवणी लिहिल्या, आणि १९५७ मध्ये ग्रँड आयलंडच्या घरी तीही गेली. कागद आता शिकागोच्या विद्यापीठात आहेत. १९३४ ते १९३९ मधल्या संध्याकाळी त्या घरात दोघी बहिणी काय बोलल्या, ते त्यांत शोधायला जाऊ नये. रोज समोरासमोर बसून जेवणाऱ्या बहिणींना टपालाचं तिकीट कशाला लागतंय?